ओपन, क्लोज आणि कापूस

नरडाण्याच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना नानांची वही सापडली. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार उधारीला वापरतात तशी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. रेघेच्या डाव्या बाजूला तारीख आणि कापसाचा भाव. उजव्या बाजूला तीन आकडे, आडवी रेघ, मग एक आकडा. त्याच्या शेजारी पुन्हा तसंच. अशी पानंच्या पानं, न चुकता.

डावी बाजू घरातल्या कुणालाही कळली असती. उजवी बाजू आईने ओळखली आणि वही पटकन मिटून ठेवली.

मी लहान असताना संध्याकाळी स्टेशनाकडच्या टपऱ्यांवर एक प्रश्न हमखास ऐकू यायचा: "आज काय उनं, भो?" अहिराणीत 'उनं' म्हणजे आलं. मला वाटायचं, गाडीबद्दल विचारतायत, नाहीतर पावसाबद्दल. ते आकड्याबद्दल असायचं. मटक्याचा 'ओपन' काय आला, 'क्लोज' काय येईल. नाना त्या घोळक्यात उभे असायचे, हात मागे बांधून, आपला काही संबंध नाही असा चेहरा करून.

ओपन आणि क्लोज हे शब्द आले कुठून, हे मला बरंच उशिरा कळलं. नानांच्या वहीच्या दोन बाजू एकमेकींच्या सख्ख्या नात्यातल्या निघाल्या.

स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत लोक 'आकडा' लावायचे तो कापसाच्या दराचा. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये बाजार उघडताना कापसाचा काय दर निघाला आणि बंद होताना काय राहिला, हे टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजाराला कळायचं. उघडतानाचा दर म्हणजे ओपन, बंद होतानाचा म्हणजे क्लोज. त्यावर पैजा लागायच्या. ज्याने आयुष्यात कापसाचं बोंड पाहिलं नाही, असा माणूसही कापसाच्या दरावर पैसे लावत होता.

इकडे खानदेशात मात्र कापूसच सगळं होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. तेव्हापासून आपल्या शेतकऱ्याच्या कापसाला समुद्रापलीकडून ठरलेला भाव चिकटला तो चिकटलाच. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वे आली. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर करत जाणारी ही लाइन कापसाच्या मुलखातूनच काढलेली आहे. नानांच्या वडिलांना न्यूयॉर्क कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तिथे भाव पडला की आपल्या गाडीचा भाव पडतो, एवढं पक्कं ठाऊक होतं.

आकड्याला एवढा विश्वास का मिळाला? कारण तो लांबून येत होता. काळबादेवीतला कुठलाही शेठ, कितीही मोठा असला, तरी न्यूयॉर्कचा दर आपल्या सोयीने वाकवू शकत नाही, अशी लोकांची समजूत होती. जुगाराला प्रामाणिक माणूस लागत नाही. ज्याला कुणाचा हात पोचत नाही असा आकडा लागतो.

मुंबईकरांनी असे आकडे त्याआधीही शोधले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पावसाचा सट्टा चालायचा: अमुक वेळेत इतका पाऊस पडेल का की ठरलेल्या छपराच्या पन्हाळीतून पाणी वाहील? पाऊस कुणाच्या बापाचा नाही, म्हणून पैज चोख. जुगाराच्या १८८७ च्या कायद्यात पाऊस बसेना, तेव्हा १८९० मध्ये सरकारला कायद्यात खास दुरुस्ती करावी लागली.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून दर येणं थांबलं. आकडाच नाही म्हटल्यावर धंदा मरायला हवा होता. तो मेला नाही. १९६२ मध्ये मूळचे कच्छचे कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी वेगळा बाजार काढला. खत्री फाळणीत कराचीहून आलेले सिंधी. पद्धत सोपी होती: एक्का ते दश्शा एवढेच पत्ते, दश्शा म्हणजे शून्य. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. दुर्री, पंजा, अठ्ठा आले तर बेरीज पंधरा, म्हणून आकडा पाच. लिहायचं २५८-५. नानांच्या वहीची उजवी बाजू हीच. नऊच्या सुमारास ओपन, मध्यरात्री क्लोज. दोन्ही मिळून 'जोडी'. कापूस गेला, टेलिप्रिंटर गेला, पण ओपन आणि क्लोज हे बाजाराचे शब्द राहिले. आजही ज्या पोराला कापसाचा हमीभाव माहीत नसतो, त्याला हे दोन शब्द माहीत असतात.

आता आकडा लांबून येत नव्हता. एका माणसाच्या हातून येत होता. मग विश्वास कसा टिकवायचा? खत्रींनी तो उघड्यावर पत्ते काढून टिकवला. लोकांसमोर पत्ते निघायचे, कधी एखाद्या नटाला किंवा पाहुण्यालाच पत्ता उचलायला सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. निकाल फोनवरून देशभर जायचा. गिरणगावातला कामगार, धुळ्या-अमळनेरच्या गिरण्यांतला कामगार आणि नरडाण्याचा शेतकरी एकाच आकड्याची वाट बघायचे.

इथे एक हिशेब मांडून ठेवतो, कारण नानांनी तीस वर्षांच्या वहीत तो एकदाही मांडलेला नाही. एका आकड्याला साधारण नऊपट मिळायचे. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा गोळा होतात, नऊ परत जातात. कुणी लबाडी केली नाही तरी. जिंकलेले पैसे पुन्हा लावणाऱ्यांचं काय होतं? सगळ्यांचे मिळून १०० रुपये असे दहा वेळा फिरले की त्यातले साधारण ३५ उरतात. म्हणजे मटका 'फिक्स' करायची चालवणाऱ्याला गरजच नाही.

तरीही करतात. का करतात, ते न्यूयॉर्कमध्येच बघायला मिळतं. तिथल्या हार्लेम वस्तीत १९२० नंतर 'नंबर्स' नावाचा असाच खेळ होता. गरीब कृष्णवर्णीय माणसं पैसा-दोन पैसे तीन आकडी संख्येवर लावायची. ती संख्या आधी बँकांच्या क्लिअरिंग हाउसच्या उलाढालीतून घ्यायचे, पुढे घोड्यांच्या शर्यतीत एकूण किती पैसे लागले त्या रकमांतून. रकमा छापून यायच्या, म्हणून लोकांना खात्री. मग धंदा डच शुल्ट्झ या गुंडाच्या हातात गेला. त्याच्याकडे ऑटो बर्मन नावाचा एक माणूस होता, आकडेमोडीत अचाट. कुठल्या संख्येवर लोकांचे सर्वांत जास्त पैसे लागलेत ते त्याला कळवलं जायचं, आणि शेवटच्या क्षणी रेसकोर्सवर नेमकी रक्कम लावून तो एकूण बेरीजच बदलायचा. घोडा फोडला नाही, जॉकी फोडला नाही. बेरीज फोडली. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये शुल्ट्झबरोबर त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या.

हात न पोचणाऱ्या आकड्यावर पुरेसे पैसे लागले की कुणीतरी शिडी लावतोच. जिथे आकडा माणसाच्या शरीरातून निघतो, तिथे तर शिडीही लागत नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्याच सिटी कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंना अटक झाली. आदल्या वर्षी या संघाने देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. सटोडिये त्यांना हरा म्हणत नव्हते. जिंका, पण दहाऐवजी चार गुणांनी जिंका, एवढंच. पैज जिंकण्याहरण्यावर नव्हती, फरकावर होती. खेळाडू बहुतेक कष्टकऱ्यांची पोरं. त्यांच्या खेळावर मोठमोठी सभागृहं भरायची, त्यांना मात्र खेळण्याचे पैसे मिळत नव्हते. मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूने हजार डॉलरची लाच नाकारून प्रशिक्षकाला सांगितलं, म्हणून प्रकरण फुटलं. सात कॉलेजांचे तीसहून जास्त खेळाडू त्यात निघाले.

आपल्याकडे मे २०१३ मध्ये आयपीएलच्या तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी पकडलं. त्यात मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण होता. आरोप तसाच: सामना नव्हे, एक षटक. २०१५ मध्ये न्यायालयाने सगळ्यांना आरोपमुक्त केलं. क्रिकेट बोर्डाची बंदी मात्र राहिली आणि चव्हाणची पुढे सात वर्षांवर आणली गेली.

घोड्यांची गंमत वेगळीच आहे. टपरीवर चिठ्ठी लिहिणाऱ्याला पोलिस ज्या कायद्याखाली उचलतात, त्याच कायद्यात रेसकोर्सच्या आवारात घोड्यावर लावलेली पैज जुगार नाही, असं लिहिलेलं आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची चाल पारखणारी आमची माणसं हे ऐकून मान डोलावतील. पण महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये बसून पैसे लावणारा साहेब आणि टपरीवरचे नाना यांच्यात घोड्याची चाल जाणण्याचा फरक नव्हता. फरक पत्त्याचा होता. खुद्द रतन खत्री धंदा सोडल्यावर महालक्ष्मीला शर्यतींना जायचे. २०२० च्या मे महिन्यात ते वारले.

भगतांच्या घरातली कथा जास्त वाईट आहे. कल्याणजींचा मुलगा सुरेश जून २००८ मध्ये अलिबागहून परतताना ट्रकच्या धडकेत सोबतच्यांसह मेला. आधी अपघात वाटला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो खून ठरवला आणि दोषींमध्ये घरचीच माणसं होती. भांडण होतं ते आकडा कुणी काढायचा यावर.

आता आकडा कोण काढतं? माझा पुतण्या पुण्यात शिकतो. गेल्या वर्षी त्याच्या फोनवर मी दोन गोष्टी पाहिल्या. एका साइटवर दिवसभर कुठल्या ना कुठल्या 'बाजारा'चे ओपन-क्लोज येत होते. पत्ते कुणाच्या हातात आहेत, मुळात पत्ते आहेत का, काही दिसत नाही. ज्या आकड्यावर सर्वांत कमी पैसे तोच आणायला आज बर्मनसारखा माणूसही लागणार नाही. दुसरं, एका ग्रुपवर 'फिक्स जोडी' विकायला होती. पैसे आधी.

मी त्याला म्हटलं, "अरे, ज्याला खरंच माहीत आहे तो तुला कशाला विकेल?"

तो म्हणाला, "काका, फिक्स आहे हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. आपल्याला आतून कळलं पाहिजे, एवढंच."

मला त्याचं उत्तर अजून छळतं. नानांना वाटायचं आकडा सच्चा आहे, म्हणून ते खेळत होते. याला वाटतं आकडा खोटा आहे, म्हणून हा खेळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पुतण्या म्हणतो, ग्रुप चालूच आहे, फक्त नाव बदललं. फी भरायला दिलेल्या पैशांपैकी किती त्यात गेले, ते त्याने भावाला सांगितलेलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.

परवा तो नरडाण्याला आला तेव्हा त्याने नानांची वही मागून घेतली. ओट्यावर उजेडात बसून एकेक पान उलटत फोटो काढले. जुन्या चार्टला ग्रुपवर भाव आहे म्हणे, त्यावरून पुढचा आकडा काढणारे आहेत. मी शेजारी बसून बघत होतो. प्रत्येक फोटोत तो कडा नीट कापत होता, उभ्या रेघेपासून उजवीकडचा भाग तेवढा ठेवून.