वॅप बायनरी एक्सएमएल

वॅप बायनरी एक्सएमएल (संक्षेपाने डब्ल्यूबीएक्सएमएल) ही एक्सएमएल दस्तऐवज अंकांच्या रूपात साठविण्याची व पाठविण्याची एक पद्धत आहे. दस्तऐवजात पुन्हा पुन्हा येणारी टॅगची व गुणधर्मांची नावे अक्षरशः न लिहिता प्रत्येक नावासाठी आधी ठरविलेला पूर्णांक योजणे, हे तिचे मूळ तत्त्व होय. मोबाइल उद्योगातील वॅप फोरम या संघटनेने ती विकसित केली. १९९९ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमकडे ती टिपणाच्या रूपाने सादर करण्यात आली. वॅप फोरमचे कार्य पुढे २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओपन मोबाइल अलायन्सकडे गेले.

पार्श्वभूमी

त्या काळी जीएसएम जाळ्यावरून माहिती पाठविण्याचा वेग सेकंदाला सुमारे ९,६०० बिट इतकाच होता. फोनची स्मृती तुटपुंजी आणि प्रक्रियक मंद होता. एक्सएमएलचा मजकूर वाचणाऱ्या आज्ञावलीला (पार्सर) प्रत्येक टॅगचे नाव अक्षर-अक्षर जुळवून ओळखावे लागते. अंक आल्यास ही जुळवणी टळते; तो अंक कोष्टकातील स्थान म्हणून थेट वापरता येतो. नेहमीच्या संकोचन पद्धतींनी केवळ आकार घटतो; मजकूर उलगडल्यावर अक्षरे जुळविण्याचे काम शिल्लक राहतेच. डब्ल्यूबीएक्सएमएलचे वेगळेपण यात आहे.

कल्पना अगदी नवी नव्हे. भारतीय तारखात्यात शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकाने पाठविण्याची सोय होती. तारेतून केवळ क्रमांक जाई आणि पोहोचत्या कार्यालयात त्याचे पूर्ण वाक्य होई. यादी दोन्ही कार्यालयांत असल्यामुळेच हे साधत असे.

रचना

दस्तऐवजाच्या आरंभी आवृत्ती, दस्तऐवजाचा प्रकार, अक्षरसंच आणि शब्दकोष्टकाची लांबी या चार बाबी येतात. प्रकाराचे लांबलचक नाव लिहावे लागत नाही, डब्ल्यूएमएल १.१ साठी ४ हा अंक पुरतो. यूटीएफ-८ अक्षरसंचासाठी १०६ हा अंक आहे.

टॅगसाठी एक बाइट वापरला जातो. त्याचे खालचे सहा बिट टॅगची ओळख सांगतात. टॅगच्या आत आशय असल्यास ६४ आणि गुणधर्म असल्यास १२८ मिळविले जातात. डब्ल्यूएमएलमधील ‘कार्ड’ या टॅगचा अंक ३९ आहे. आशय असल्यास तो १०३ (३९ + ६४) होतो आणि गुणधर्मही असल्यास २३१. रोमन लिपीत हा टॅग उघडण्यास ६ व मिटविण्यास ७ असे १३ बाइट लागतात. अंकरूपात उघडण्यास एक आणि मिटविण्यास एक, असे दोनच पुरतात. कोणताही टॅग मिटविण्याचा अंक १ हाच असल्याने मिटणाऱ्या टॅगचे नाव पुन्हा तपासावे लागत नाही.

गुणधर्मांच्या बाबतीत नावासोबत मूल्याचा नेहमी येणारा भागही एका अंकात बसविला आहे. डब्ल्यूएमएलमध्ये पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या ‘डॉट कॉम’ व त्यापुढील तिरप्या रेघेसाठी १३३ हा एकच अंक आहे.

सहा बिटांत ६४ अंक मावतात. त्यांपैकी ० ते ४ राखीव असल्याने एका संकेतपृष्ठावर ५९ टॅग बसतात. अधिक टॅग हवे असल्यास ० हा अंक व त्यामागे पृष्ठक्रमांक देऊन पृष्ठ बदलता येते. कोष्टकात नसलेले नाव ४ या अंकानंतर शब्दकोष्टकातील स्थान देऊन दर्शविले जाते.

मर्यादा

बचत होते ती खुणांची; टॅगमधील मजकूर ३ या अंकानंतर जसाच्या तसा येतो आणि शून्याने संपतो. देवनागरी मजकुरात ही बाब ठळकपणे दिसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्यामुळे ‘मराठी’ या शब्दास (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी) १५ बाइट लागतात. कार्ड आणि परिच्छेद या दोन टॅगांत हा शब्द ठेवल्यास एक्सएमएलमध्ये ३५ आणि अंकरूपात, आरंभीच्या बाबी वगळून, २१ बाइट होतात. १५ बाइटांत काहीच फरक पडत नाही.

अधिक गंभीर अडचण अर्थाची आहे. अंकाचा अर्थ दस्तऐवजात नसतो, तो दोन्ही बाजूंकडील कोष्टकात असतो. एक्सएमएल फाइल कोणीही साध्या संपादकात उघडून वाचू शकतो आणि अनोळखी टॅगचाही काही अंदाज बांधू शकतो. येथे कोष्टक हरवले की दस्तऐवज मुका होतो. कोष्टकाच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत, तर चूक लक्षात न येता भलताच टॅग वाचला जाण्याचा धोका असतो.

वापर

वॅपमध्ये डब्ल्यूएमएल पानांचे अंकरूप फोनच्या आधीच्या गेटवे संगणकावर तयार होत असे. सिंकएमएल या माहिती जुळविण्याच्या प्रणालीतही ही पद्धत वापरली गेली. वॅप मागे पडल्यावरही मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ॲक्टिव्हसिंकमधून टपाल, संपर्क व दिनदर्शिका फोनशी जुळविण्यासाठी ती टिकून राहिली. तेथे विषयवार संकेतपृष्ठे आहेत. ५ हा अंक पृष्ठ ० वर ‘सिंक’ हा टॅग दर्शवितो, तर संपर्कांच्या पृष्ठ १ वर ‘ॲनिव्हर्सरी’, म्हणजे वर्धापनदिन.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०११ मध्ये ईएक्सआय ही निराळी अंकरूप पद्धत शिफारशीच्या दर्जाने स्वीकारली. तीत कोष्टक आधी ठरलेले असणे अनिवार्य नाही. दस्तऐवज वाचता वाचता नवी नावे कोष्टकात भरली जातात.