००सी : एका कार्ड रीडरची कुळकथा

आयबीएमच्या मेनफ्रेमवर, झी/व्हीएमखाली तयार केलेल्या नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चढवायचं असेल, तर रूढ पद्धत आजही अशी आहे. आधी रीडर रिकामा करायचा. पंचमधून निघणारं सगळं आपल्याच रीडरमध्ये येईल असं सांगायचं. मग लिनक्सचा कर्नल पंच करायचा, त्यामागून पॅरामीटरची लहानशी फाइल, आणि त्यामागून इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीला मेमरीत मांडायची तात्पुरती डिस्क. गड्डी वाचून झाली तरी फेकू नकोस, असं बजावायचं आणि शेवटी टाइप करायचं : आयपीएल ००सी क्लिअर. ००सी हा रीडरचा पत्ता. हे सगळं रेक्समध्ये लिहिलेल्या आठेक ओळींच्या स्क्रिप्टमध्ये बसतं. रेड हॅट, सूसे, डेबियन, सगळ्यांच्या स्क्रिप्ट थोड्याफार फरकानं हेच सांगतात.

पंच म्हणजे कार्डांना भोकं पाडणारं यंत्र आणि रीडर म्हणजे ती भोकं वाचणारं. खोलीत यांतलं एकही यंत्र नसतं. ज्यांनी ही स्क्रिप्ट चालवली आहे त्यांच्यातल्या बहुतेकांनी पंच कार्ड हातात धरलेलंही नसेल. तरीही मशीन कार्डांचीच भाषा बोलतं, आणि प्रत्येक फाइल ८० बाइटांच्या तुकड्यांत कापून मागतं.

८० हा आकडा १९२८चा. त्या वर्षी आयबीएमनं आयताकृती भोकांचं ८० रकान्यांचं कार्ड बाजारात आणलं. ३६ वर्षांनी, ७ एप्रिल १९६४ रोजी, आयबीएमची सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर झाली तेव्हा या कार्डाचं राज्य अबाधित होतं. प्रोग्रॅम कार्डांवर, आकडेवारी कार्डांवर, आणि बंद मशीन जागं करणारा पहिला प्रोग्रॅमही पुष्कळदा कार्डांवरच. ऑपरेटर रीडरच्या तोंडाशी गड्डी ठेवायचा, पॅनेलवरच्या तीन गोल चकत्या फिरवून रीडरचा पत्ता लावायचा आणि 'लोड' बटण दाबायचा. या क्रियेलाच आयपीएल म्हणतात.

बटण दाबल्यावर काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. पुढची सगळी कथा त्यातच आहे. हार्डवेअर निवडलेल्या उपकरणाकडून फक्त २४ बाइट मागतं आणि मेमरीत अगदी शून्यापासून ठेवतं. पहिल्या ८ बाइटांत प्रोसेसरनं पुढे कुठून सुरुवात करायची ते लिहिलेलं असतं. उरलेल्या १६ बाइटांत दोन आज्ञा असतात, आणि त्या प्रोसेसरला नव्हे, उपकरणांशी देवाणघेवाण करणाऱ्या चॅनेलला दिलेल्या असतात : आणखी इतकं वाच, अमुक जागी ठेव. वाचून आणलेल्या तुकड्यात पुढच्या आज्ञा मिळतात, त्या आणखी वाचतात, आणि साखळी संपली की प्रोसेसर पहिल्या ८ बाइटांकडे पाहून कामाला लागतो. या हार्डवेअरला फाइल म्हणजे काय ते माहीत नाही, डिस्कवरची मांडणी माहीत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती येणार तेही माहीत नाही. त्याला फक्त वाचायचं कसं ते कळतं. संगणकाच्या रचनेत इतकी कमी गृहीतकं धरणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

व्हर्च्युअल मशीन जन्मलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आयबीएमच्या सायंटिफिक सेंटरमध्ये, एमआयटीच्या शेजारी. रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांनी १९६४च्या शेवटच्या आठवड्यात सीपी-४० या प्रणालीचा आराखडा मांडायला घेतला. क्रीझी एमआयटीच्या सीटीएसएस या टाइमशेअरिंग प्रणालीवर काम करून आले होते. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं, ही त्या काळातली मोठी खटपट होती. बाकीचे बहुतेक त्यासाठी एकच भलीमोठी, सर्वांना सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला बसले होते. केंब्रिजच्या या लहान चमूनं प्रश्नच वेगळा मांडला : प्रत्येकाला अख्खं मशीनच दिलं तर? खास पत्ता-भाषांतराचा भाग जोडलेल्या ३६० मॉडेल ४०वर जानेवारी १९६७मध्ये सीपी-४० कामाला लागलं, आणि त्यावर १४ व्हर्च्युअल मशीन्स नांदू लागली, प्रत्येकाला २५६ के मेमरी.

या कल्पनेतला कस कशात आहे? दिलेलं मशीन खऱ्याहून तसूभरही वेगळं असता कामा नये, या अटीत. खऱ्या ३६०साठी लिहिलेली कोणतीही सिस्टीम त्यात एक अक्षरही न बदलता चालली पाहिजे. ही अट पाळायची, तर खऱ्या मशीनला जे जे जोडलेलं असतं ते सगळं द्यायला हवं : टंकयंत्रासारखा कन्सोल, प्रिंटर, कार्ड रीडर, कार्ड पंच. पण १४ जणांना १४ खरे रीडर कोण देणार? म्हणून सीपी, म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम, मध्ये उभा राहिला. खऱ्या रीडरमधून आलेली कार्डं तो डिस्कवर साठवून ठेवी आणि ज्याची त्याला, त्याच्या व्हर्च्युअल रीडरमधून, एकेक कार्ड करून वाचू देई. गड्डी कोणाची, हे सांगायला तिच्या डोक्यावर मालकाच्या नावाचं एक कार्ड असे.

एकदा कार्डं डिस्कवर राहायला लागल्यावर खऱ्या कार्डांची गरजच उरली नाही. माझ्या पंचमधून निघालेली गड्डी तुमच्या रीडरमध्ये टाकायची, तर मधल्या मध्ये कागदाला भोकं पाडण्याचं कारण काय? कंट्रोल प्रोग्रॅमनं फक्त मालकाचं नाव बदलायचं. व्हीएम वापरणारे लोक एकमेकांना फाइली पाठवू लागले ते असे. पुढे १९८१मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांना जोडणारं बिटनेट सुरू झालं, तेव्हा शेकडो मैलांवरून आलेली फाइलही व्हीएम वापरणाऱ्याच्या व्हर्च्युअल रीडरमध्येच येऊन पडायची.

सीपी-४०नंतर सीपी-६७ आलं, २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झालं, आणि २०००मध्ये त्याच वंशाला झी/व्हीएम हे नाव मिळालं. मधल्या काळात खरे रीडर मशीनरूममधून गेले. पण झी/व्हीएमच्या डिरेक्टरीत एखाद्या मशीनची नोंद उघडून पाहिली, तर ओळी अशा दिसतात : कन्सोल ००९, ३२१५. स्पूल ००सी, २५४०, रीडर. स्पूल ००डी, २५४०, पंच. स्पूल ००ई, १४०३. यातलं २५४० म्हणजे ३६०सोबत आलेलं, मिनिटाला १,००० कार्डं वाचणारं यंत्र. १४०३ म्हणजे १९५९चा प्रिंटर. आज तयार झालेल्या मशीनच्या जन्मदाखल्यावर ही नावं असतात.

लिनक्स इथे आलं ते खूप उशिरा. आयबीएमबाहेर लिनास वेप्स्टास यांनी 'बिगफूट' या नावानं स्वतंत्रपणे काम सुरू केलं होतं. जर्मनीतल्या बोबलिंगेनच्या आयबीएम प्रयोगशाळेनं आपला कोड डिसेंबर १९९९मध्ये खुला केला, आणि पुढे तोच टिकला. त्या कोडची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. कर्नलच्या एस/३९० या मेनफ्रेमसाठीच्या आवृत्तीत पहिले २४ बाइट अगदी १९६४च्या नियमानं मांडले आहेत : ८ बाइट प्रोसेसरसाठी आणि चॅनेलच्या दोन आज्ञा. प्रत्येक आज्ञेत किती बाइट वाचायचे तो आकडा आहे, सोळाच्या पायावर लिहिलेला ५०. दशमान पद्धतीत तो होतो ८०. पीसीवर घडलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, अगदी सुरुवातीलाच, १९२८च्या कार्डाची रुंदी कोरलेली आहे.

गड्डीचा क्रमही याच कोडनं ठरतो. कर्नल वाचून झाला की तोच पुढची फाइल वाचतो आणि तिला पॅरामीटर समजतो, त्यानंतरची फाइल म्हणजे इनिटआरडी. क्रम बदलला तर गाडी पुढे सरकत नाही. दुसरी अडचण अक्षरांची. पॅरामीटरची फाइल आणताना आस्कीतून मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये बदलून आणायची, पण कर्नल आणि इनिटआरडी मात्र जशीच्या तशी, बायनरी. आणि रेकॉर्डची लांबी ठाम ८०. नवखा माणूस अडतो तो इथेच. फाइल डिस्कवर दिसते, आकारही बरोबर असतो, पण रेकॉर्डची लांबी ८०हून जास्त असली की पंच ती घेत नाही. पुण्या-मुंबईत बसून परदेशातल्या मेनफ्रेमची देखभाल करणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला प्रश्न हाच येईल : "फिक्स एटी केलं होतंस ना?"

हे सगळं खऱ्या कार्डांवर करायचं ठरवलं तर? इनिटआरडी २ कोटी बाइटांची धरली, तर कार्डं होतात २,५०,०००. एका खोक्यात २,००० कार्डं मावायची, म्हणजे १२५ खोकी. कार्डाची जाडी ०.००७ इंच, तेव्हा एकावर एक रचली तर गड्डी सुमारे ४४ मीटर उंच होईल, आणि २५४०ला ती वाचायला चार तास दहा मिनिटं लागतील. डिस्कवर राहणारी गड्डी क्षणात वाचून होते.

जुन्याला चिकटून राहण्याची सवय म्हणून हा रीडर टिकला, असं अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. नुकत्याच तयार झालेल्या मशीनकडे पाहा. त्याची डिस्क कोरी असते, तिच्यावरून काही सुरू होणार नाही. नेटवर्कवरून आणायचं, तर नेटवर्क चालवणारा प्रोग्रॅम आधी आत हवा. टेपला टेप ड्राइव्ह लागतो. रीडर मात्र पहिल्या क्षणापासून हजर असतो, त्याला फॉरमॅट लागत नाही, परवाना लागत नाही. 'पुढचे ८० बाइट दे' एवढंच त्याला म्हणायचं असतं. हुबेहूब नक्कल करण्याची केंब्रिजच्या चमूची अट इतकी काटेकोर होती, म्हणूनच त्यांच्या स्वप्नातही नसलेली सिस्टीम तीन दशकांनी त्याच दारानं आत येऊ शकली.

अर्थात प्रत्येक मशीनसाठी कोणी गड्डी लावत बसत नाही. २०००मध्ये डेव्हिड बॉयस यांनी एकाच मेनफ्रेमवर व्हीएमखाली ४१,४०० लिनक्स चालवून दाखवली. असा पसारा मांडायचा तर एक लिनक्स नीट चढवून त्याच्या डिस्कच्या नकला काढाव्या लागतात. मेनफ्रेमवर व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं केव्हीएमही आलं आहे, आणि तिथे कार्डांचा संबंध येत नाही. झी/व्हीएमवर मात्र आता लिनक्सकडेच व्हीएमयूआर नावाचं साधन आहे. चालू असलेलं एक लिनक्स त्याच्या मदतीनं कर्नल, पॅरामीटर आणि इनिटआरडी आपल्या ००डीवरून पंच करून शेजारच्या नव्या मशीनच्या ००सीवर पाठवतं, आणि ते मशीन तिथून आयपीएल होतं.