साथ, शिवार आणि वाटेवरचे क्रूस

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना मृतांची मोजदाद होते, कायद्यांचा व औषधांचा उल्लेख होतो. परंतु त्या काळात गावच्या पाराचे, मैदानाचे आणि जत्रेचे काय झाले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक, गाव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. जिथे मुले हुतुतू खेळतात, वृद्ध माणसे सायंकाळी घटकाभर टेकतात आणि सणाला मंडप पडतो, त्या घराबाहेरच्या सामाईक जागेमुळेच घरांचे गाव बनते. साथ पहिला घाला घालते तो या जागेवर. सव्वाशे वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन महामाऱ्या या दृष्टीने शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक विलक्षण विरोधाभास नजरेस येतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान प्लेग असे केले. आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून पुढील काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही ठाणे, पुणे, सातारा असा गावोगाव पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरझडत्या झाल्या, आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी झाली, संशयितांची छावण्यांत रवानगी झाली. पुण्यात या सक्तीचा अतिरेक होऊन २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. हा भाग शाळेच्या पुस्तकांतूनही आपण वाचला आहे.

त्यामानाने अज्ञात आहे तो खेड्यांचा इतिहास. गावात उंदीर पडू लागले, की लोक घरांना कुलपे घालून शिवारात किंवा माळावर खोपटी बांधून राहू लागले. आरंभी सरकारी हुकुमाने, कुरकुरत; पुढे अनुभवाने शहाणे होऊन, हुकुमाची वाट न पाहता. या वहिवाटीला शास्त्राचाही आधार होता, हे नंतर स्पष्ट झाले. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले, की उंदरांच्या अंगावरील पिसवा प्लेगचे जंतू माणसापर्यंत आणतात. धान्याच्या कणग्या आणि अंधाऱ्या खोल्या हे मृत्यूचे घर ठरले, तर उघडा माळ हा आसरा. पुण्याजवळ हडपसरच्या मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी उघडलेला दवाखानाही वस्तीबाहेर मोकळ्यावरच होता. तेथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आम्हा ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांतही प्रार्थना अशीच उघड्यावर आली. वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील जुन्या वाड्यांच्या वळणांवर जे क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येकांवर १८९६ नंतरच्या वर्षांतील साल कोरलेले आहे. परंपरा सांगते, की चर्चमध्ये गर्दी करण्याची भीती वाटू लागली, तेव्हा आळीतल्या आळीत लोक सायंकाळी क्रुसापुढे जमू लागले आणि रोग्यांचा कैवारी संत रॉक याचा धावा करू लागले. साथ ओसरली; प्रथा राहिली. मे महिन्यात क्रुसापुढे लितानी म्हणून झाल्यावर उकडलेले चणे वाटण्याची रीत आजही अनेक ठिकाणी आहे. ज्या वळणावर भीतीने माणसे एकत्र आली, तेच वळण मुलांच्या सुटीतील आनंदाचे ठिकाण झाले.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मात्र माळाचाही आसरा पुरू दिला नाही. श्वासातून पसरणारा तो रोग खोपटीतही माणसाबरोबरच येई. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला. १९२१ च्या शिरगणतीत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, यावरून त्या दशकाच्या संहाराची कल्पना यावी.

आणि मग २०२०. मार्च महिन्यात राज्यात पुन्हा १८९७ चाच कायदा लागू झाला. परंतु आज्ञा नेमकी उलट होती. तेव्हा घर सोडा, असे सांगणे होते. आता घरातच राहा, असे. चर्च, मैदाने, बागा, समुद्रकिनारे बंद झाले. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण भाविकांनी पडद्यासमोर बसून साजरा केला. आषाढी वारीच्या पादुका पायी न जाता एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. मोतमावलीची जत्रा २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे भरली नाही. लाखोंच्या गर्दीची जत्रा थांबवणे योग्यच होते, यात संशय नाही. पण हा रोग बंद खोलीत अधिक आणि मोकळ्या हवेत कमी पसरतो, हे जसजसे स्पष्ट झाले, तसतसे हेही ध्यानी आले, की सायंकाळी अंतर राखून माणसे जिथे उभी राहू शकली असती, अशी जागाच अनेक वस्त्यांत उरलेली नव्हती. जूनमध्ये मैदानांवर व्यायामाला परवानगी मिळाली. पण ज्यांच्या वस्तीला मैदानच नाही, त्यांना त्या परवानगीचा उपयोग काय?

२७ मार्च २०२० च्या सायंकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात पावसात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. तेथे सान मार्चेल्लो चर्चमधील जो क्रूस आणला होता, तोच १५२२ च्या प्लेगमध्ये रोमकरांनी रस्त्यारस्त्यांतून मिरवला होता. क्रूस तोच होता. भोवतीची माणसे तेवढी नव्हती. त्या रिकाम्या चौकाने सामाईक जागेचे मोल हजार प्रवचनांहून अधिक स्पष्ट केले.

निर्बंध केव्हाच उठले. जत्रा २०२२ पासून पुन्हा भरू लागली, वारीही पायी निघाली. मोठे सोहळे लवकर परततात. सुकतात ते लहान मेळावे. आळीतली जपमाळ, विहिरीजवळच्या गप्पा, चर्चच्या पटांगणातले सायंकाळचे खेळ हे एकदा थांबले, की त्यांना कोणी निमंत्रणपत्रिका छापून पुन्हा बोलावीत नाही. इकडे रस्ते रुंद होतात, क्रूस हलवले जातात, पटांगणात वाहने उभी राहतात. आमच्या पूर्वजांनी संकटात जी जागा निर्माण केली, ती आम्ही सुबत्तेत गमावावी काय? पुढची साथ केव्हा आणि कोणत्या वाटेने येईल, हे परमेश्वरालाच ठाऊक. ती येईल तेव्हा औषध वैद्य शोधतील. पण माणसांना एकमेकांपासून हातभर दूर तरीही एकमेकांच्या नजरेत उभे राहता येईल, अशी मोकळी जागा राखून ठेवणे हे वैद्यांचे काम नव्हे. ते प्रत्येक धर्मग्रामाचे, प्रत्येक गावाचे, आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.