बोरीवली : तळमजल्याचा इतिहास

१/ बोरीवली स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की लोकमान्य टिळक मार्गावर दुकानांची सलग रांग लागते. पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत मात्र एकाच छताखाली सामावलेला भव्य मॉल उभा आहे. एकाच उपनगराच्या दोन बाजूंना बाजाराची इतकी भिन्न रूपे का? त्याचे उत्तर ग्राहकांच्या आवडीनिवडीपेक्षा जमिनीच्या इतिहासात अधिक सापडते. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ येथील जमिनीच्या व्यवहाराची नोंद फार जुनी आहे. कान्हेरीच्या एका शिलालेखात ‘मंगलठाण’ येथील शेत भिक्षुसंघाला दान दिल्याचा उल्लेख येतो. अभ्यासक हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात. पश्चिमेला एकसरचे वीरगळ आणि मंडपेश्वरची लेणी आहेत. सांगायचे इतकेच की उपनगर नवे असले, तरी गावे नवी नाहीत. वझिरा, बाभई, शिंपोली, एकसर, गोराई, कुळवेम ही गावठाणे आधीची. ‘बोरीवली’ हे सर्वांना कवेत घेणारे नाव रेल्वेने रूढ केले.

३/ १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली गाडी धावली. तिच्या मोजक्या थांब्यांत बोरीवली होते. तरीही पुढची साठ वर्षे येथे शहर उभे राहिले नाही. दिवसाकाठी एखाददुसरी गाडी गवत, भाजी, ताडी शहरात पोहोचवू शकते. पण रोज सकाळी कचेरीत जाणारा नोकरदार त्या वेळापत्रकावर घर बांधत नाही.

४/ खरा बदल घडवला विजेने. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरीवलीपर्यंतची उपनगरी वाहतूक विजेवर सुरू झाली. विरारपर्यंत वीज पोहोचली ती १९३६ मध्ये. म्हणजे आठ वर्षे बोरीवली हे विद्युत गाडीचे शेवटचे स्थानक होते. ‘बोरीवली लोकल’ हा शब्दप्रयोग मुंबईकरांच्या तोंडी बसला, तो याच भूगोलामुळे.

५/ प्रशासनाची चौकट नंतर आली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी आणि भांडुपपर्यंत वाढली. बोरीवली तेव्हाही बाहेर राहिले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा बोरीवली बृहन्मुंबईत आले. शेतजमिनीला पालिकेचे पाणी, रस्ता आणि गटार मिळण्याची शक्यता निर्माण झाली. जमिनीचा भाव पिकावरून नव्हे, तर स्थानकापासूनच्या अंतरावरून ठरू लागला.

६/ येथे तीन कायदे निर्णायक ठरले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाड्यासाठी चाळ बांधणे मालकाला परवडेनासे झाले. मग घर भाड्याने देण्याऐवजी विकण्याची पद्धत रूढ झाली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने तिला कायदेशीर बैठक दिली. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून आलेली मराठी आणि गुजराती कुटुंबे बोरीवलीत प्रथमच ‘सभासद’ झाली, भाडेकरू राहिली नाहीत.

७/ पश्चिमेकडील जमीन वाड्या आणि शेतांच्या लहान तुकड्यांत विभागलेली होती. एकेका तुकड्यावर एकेक इमारत, एकेक संस्था. उपनगरात चटई क्षेत्र निर्देशांक एक होता. म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाइतकेच बांधकाम. त्यामुळे तळमजला अधिक तीन किंवा चार मजले हा नमुना सर्वत्र दिसू लागला. रस्त्याकडेच्या इमारतीत बिल्डर तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढी. गाळे चढ्या दराने विकले जात आणि त्यातून बांधकामाचा खर्च हलका होई.

८/ टिळक मार्ग, स्वामी विवेकानंद मार्ग आणि त्यांना मिळणाऱ्या गल्ल्यांतील बाजार असा घडला. तो कोणी आखला नव्हता. किराणा, साडी, भांडी, औषधे, शिंपी, पोळीभाजी केंद्र, दवाखाना आणि शिकवणी वर्ग हे सारे शेकडो लहान भूखंडांच्या तळमजल्यांची बेरीज होते. दुकानदार हा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाइतकाच संस्थेचा सभासद असे. सर्वसाधारण सभेत त्याचेही एक मत असे.

९/ या गाळ्यांच्या पुढे पदपथावर दुसरा बाजार भरत असे. वसईकडून पहाटेच्या गाडीने भाजी येई; गोराई, मनोरीच्या कोळणी खाडी ओलांडून मासळी आणत. तिसरा प्रवाह सहकाराचा होता. १९४८ मध्ये नायगावला सुरू झालेला अपना बाजार आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी नोकरदार मराठी घरांना एकत्रित खरेदीची सवय लावली. पंचायतीच्या संघातील गृहिणी महिन्याच्या वाणसामानाची यादी एकत्र करीत आणि कोणा एकीच्या घरी वाटप होई. मॉल येण्याच्या कितीतरी आधी घाऊक दरातील खरेदी येथे परिचित होती.

१०/ सरकारी गृहनिर्माणाने वेगळा साचा आणला. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीची आठवण आजही ‘एमएचबी कॉलनी’ या नावात टिकून आहे. पुढे १९८५ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या अर्थसाह्यातून गोराई आणि शेजारच्या चारकोपमध्ये सेवायुक्त भूखंडांची योजना राबवली गेली. म्हाडाने घर नव्हे, तर रस्ता, पाणी, मलनिस्सारणासह छोटा भूखंड द्यायचा आणि घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे बांधायचे. मधल्या सामायिक अंगणाभोवतीच्या बैठ्या घरांवर मजले चढत गेले आणि अनेकांच्या पुढच्या खोलीचे दुकान झाले.

११/ पूर्वेची गोष्ट निराळी. तेथे महामार्गालगत कारखान्यांना मोठमोठे सलग भूखंड मिळाले होते. केबल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि टाटा स्टीलचा तारनिर्मिती विभाग ही त्यांतली ठळक नावे. कारखाना चालू असताना त्या जमिनीवर दुकान येण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुंपणाच्या आतील ती एकसंध मालकीच पुढे निर्णायक ठरली.

१२/ १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर मुंबईतील कारखान्याची जमीन कारखान्यापेक्षा मौल्यवान ठरू लागली. २००७ मध्ये महाराष्ट्राने नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा रद्द केला आणि मोठे भूखंड बाजारात येण्यातला एक अडसर दूर झाला. केबल कॉर्पोरेशनच्या जागेवर निवासी संकुल आले. २०१४ मध्ये टाटा स्टीलची सुमारे २५ एकर जागा ओबेरॉय रिअल्टीने १,१५५ कोटी रुपयांना घेतली. तेथे आज ‘स्काय सिटी’चे मनोरे आणि मॉल आहे.

१३/ प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मॉलला एकहाती मालकीची अनेक एकर जमीन लागते. १९९९ मध्ये ताडदेवला ‘क्रॉसरोड्स’ उघडले आणि २००४ मध्ये मालाडला ‘इनऑर्बिट’. बोरीवली पश्चिमेत ग्राहकही होते आणि पैसाही. पण जमीन शेकडो संस्थांमध्ये वाटली गेली होती. त्यामुळे बोरीवलीकर मॉलसाठी मालाड, कांदिवली गाठत राहिले आणि टिळक मार्गाचा बाजार शाबूत राहिला.

१४/ त्या बाजाराला धक्का बसला तो पुनर्विकासाचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर आणला. शहरात निर्माण झालेला हक्क उत्तरेकडील उपनगरांत वापरता येई, म्हणून बांधकामाचा रेटा बोरीवलीकडे वळला. बोरीवलीला आडवे पसरायला जागा नाही: पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पश्चिमेला खाडी आणि तिवरे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातल्यावर ही सीमा अधिकच पक्की झाली. उरली केवळ उंची.

१५/ २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमावलीत अनुज्ञेय बांधकाम रस्त्याच्या रुंदीशी जोडले गेले. रस्ता रुंद, तर इमारत उंच. साहजिकच दुकानांचे मुख्य रस्तेच विकासकांना सर्वाधिक आकर्षक ठरले. पुनर्विकासाच्या संमतीची अटही सैल झाली: २००९ च्या शासन निर्देशांत तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागे, २०१९ च्या निर्देशांत ५१ टक्के पुरेशी ठरली.

१६/ हा बदल वरच्या मजल्यांसाठी बहुधा हिताचा होता. गळक्या छताच्या, उद्वाहन नसलेल्या इमारतीत वयाची सत्तरी गाठलेल्यांना तो हवाच होता. तळमजल्याचा हिशेब मात्र वेगळा. सदनिकाधारक बांधकामाच्या काळात भाड्याच्या घरात राहून परत येतो. दुकानदाराचे गिऱ्हाईक तीन-चार वर्षे थांबत नाही. गाळा परत मिळतो. जम बसलेला धंदा परत मिळेलच, याची हमी कोणत्याही करारात नसते.

१७/ त्याहून बिकट स्थिती भाड्याच्या गाळ्यांची. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्यानंतर ‘लीव्ह अँड लायसन्स’वर आलेल्यांना ते मिळाले नाही. वीस वर्षे त्याच गाळ्यात इस्त्री वा झेरॉक्सचे दुकान चालवणारा माणूस संस्थेचा सभासद नसतो. सभेत त्याला मत नाही, करारात त्याचे नाव नाही. इमारत पाडण्याचा निर्णय त्याला सूचनाफलकावरून कळतो.

१८/ पदपथावरच्या बाजाराचेही असेच झाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याच्या उपजीविकेला मान्यता दिली. सप्टेंबर २०१७ मधील एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने रेल्वेस्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. दोन्हींच्या मागे रास्त कारणे आहेत: एकीकडे पोटाचा प्रश्न, दुसरीकडे प्रवाशांच्या जिवाचा. बोरीवलीसारख्या स्थानकाबाहेर मात्र बाजाराचे मूळ अस्तित्वच या १५० मीटरांत होते.

१९/ २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, मेट्रोचे दोन नवे मार्ग अंशतः सुरू झाले. त्यांच्या स्थानकांवर एकसर, मंडपेश्वर, कांदरपाडा, मागाठाणे, देवीपाडा ही नावे झळकली. रेल्वेने ज्या गावांना एका नावाखाली झाकले, त्यांना मेट्रोने फलकापुरते का होईना, परत आणले. मात्र स्थानकाभोवतीच्या जमिनीचा भाव पुन्हा वाढला आणि पुनर्विकासाची पुढची फेरीही त्याच मार्गांनी सरकते आहे.

२०/ उंच इमारतींत तळाशी आता वाहनतळ येतो. रस्त्याकडेचे गाळे कमी पण मोठे होतात. तेथे साखळी दुकान, बँक वा दवाखाना परवडतो, शिंप्याला नाही. नियोजनाच्या नियमांत जशी वाहनांच्या जागेची मोजणी आहे, तशी लहान भाड्याच्या गाळ्यांची तरतूद करणे अशक्य नाही. तो निर्णय धोरणाचा आहे. ‘काळाचा महिमा’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

२१/ एक विनंती. उपनगराचा इतिहास सरकारी दप्तरात फारसा सापडत नाही. तो संस्थेच्या पहिल्या इतिवृत्त वहीत, १९६८ च्या भागदाखल्यात, दुकानाच्या जुन्या पावतीत आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात असतो. इमारत पाडण्यापूर्वी कपाटे रिकामी होतात, तेव्हा हे कागद रद्दीत जातात. आपल्या संस्थेचे इतिवृत्त स्कॅन करून ठेवा आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला त्याने गाळा कोणत्या साली, कितीला घेतला, हे विचारून तेही त्यात लिहून ठेवा.