रंगीत की काळा-पांढरा?

परवा पणजीला एका दुकानात टीव्ही बघायला गेलो होतो. तिथला मुलगा ओएलईडी आणि साधा एलईडी यांतला फरक मन लावून समजावून सांगत होता. एकात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, दुसऱ्यात मागून प्रकाश टाकावा लागतो, वगैरे. ऐकता ऐकता मला आमचं 1985 सालचं घर आठवलं. तेव्हाही दोन प्रकारांतून एकाची निवड करायची होती आणि त्या निवडीपायी दोन सख्खे भाऊ कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलले नव्हते.

आधी थोडा मागचा इतिहास. दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं 15 सप्टेंबर 1959 रोजी. मुंबईला ते पोचलं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. हे सगळं काळं-पांढरं. रंगाचा विषय ऐरणीवर आला तो 1980 नंतर. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते. गरीब देशाला रंगीत टीव्हीची चैन हवीच कशाला, अशी टीका जोरात होती. साठे मात्र रंगाच्या बाजूने ठाम उभे राहिले. 1982 च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड व्हायचं होतं, त्याचाही रेटा होताच. अखेर 15 ऑगस्ट 1982 रोजी लाल किल्ल्यावरचं इंदिरा गांधींचं भाषण रंगीत दिसलं. मराठी माणसाने दिल्लीत काय केलं, असं कुणी विचारलं तर हेही एक उत्तर आहे म्हणायचं!

आता गंमत बघा. रंगीत प्रक्षेपण सुरू झालं म्हणून देशातले जुने संच काही भंगारात गेले नाहीत. त्याच लहरी, तोच अँटेना, आणि जुन्या संचावर चित्र पूर्वीसारखंच काळं-पांढरं. हे जमलं ते त्यामागच्या पद्धतीमुळे. भारताने 625 रेषांची पाल पद्धत घेतली. जर्मनीतल्या टेलिफुंकन कंपनीचे इंजिनीअर वाल्टर ब्रुख यांनी ती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली होती. कॅमेऱ्यातून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग येतात. त्यांतून आधी उजेड-अंधाराचं एक चित्र तयार होतं. त्यात हिरव्याचा वाटा 59 टक्के, लालचा 30 आणि निळ्याचा फक्त 11, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा सगळ्यांत उजळ दिसतो. रंगांची माहिती त्याच लहरीत वेगळी लपवून पाठवलेली असते. रंगीत संच ती उकलून घेतो, साधा संच ती सोडून देतो. म्हणजे श्रीमंताच्या आणि गरिबाच्या घरी एकच लहर येत होती. ज्याची जेवढी ऐपत तेवढं त्याने घ्यावं!

आमचं घर फोंडा तालुक्यातलं. मागे कुळागर, तिन्ही बाजूंनी डोंगर. बाबा शाळामास्तर. धाकटे काका कुवेतला एका कंपनीत. 1984 च्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झालं आणि वाड्यावर टीव्हीची चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षी बाबांनीही टीव्ही घ्यायचं मनावर घेतलं. काकांना हे कळलं तसं त्यांचं पत्र आलं. आमच्या घरात बोलणं कोकणीत, पण पत्रं मराठीत, हे गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. काकांनी लिहिलं होतं, “दादा, तुम्ही काही घेऊ नका. चवथीला येताना मी रंगीत घेऊन येतो. ड्युटीही मीच भरीन.” आखातातल्या बहुतेक देशांत पाल पद्धतच असल्यामुळे तिथला संच इथे चाले. अमेरिकेहून कुणी संच आणला असता तर तो बिनकामाचा ठरला असता, कारण तिथली पद्धत वेगळी.

आम्ही भावंडं हवेत होतो. पण बाबांनी अँटेना बसवणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने माडापेक्षा उंच पाइप लावून बघितला, डोंगराकडे नजर टाकली आणि मान हलवली. लहर क्षीण असली की सगळ्यांत आधी रंग जातो, हे त्याने सांगितलं. रंगीत संच मग आपणच रंग बंद करतो आणि काळं-पांढरं दाखवत बसतो. साध्या संचाच्या नळीत रंगांसाठी लागणारी बारीक भोकांची जाळी नसते, त्यामुळे चित्र रेखीव येतं. शिवाय रंगीताची किंमत कितीतरी पट, वीज जास्त लागणार, आणि आमच्याकडे व्होल्टेजची रोजची रड.

बाबांनी काकांना “नको” असं कळवलं आणि लाकडी कपाटाचा, सरकत्या दारांचा काळा-पांढरा संच घेतला. कारणं त्यांनी लिहिली होती की नाही, मला माहीत नाही. मास्तरांचा स्वभाव, बहुतेक दोन ओळींत आटोपलं असेल. काकांना वाटलं, दादांना माझा पैसा नको. त्या वर्षी ते चवथीला आले, माटोळी बांधायला हातही लावला, पण टीव्ही चालू असलेल्या खोलीत बसले नाहीत. पुढची काही वर्षं पत्रं आली ती नुसती खुशालीची.

आम्हीही बाबांवर रुसलोच होतो. बाजारात तेव्हा रंगीत प्लास्टिकचे पातळ पडदे मिळत. वर निळा, खाली हिरवा. तो आम्ही पडद्यावर लावला. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आमचा राम कपाळापर्यंत निळा आणि कमरेखाली हिरवा होता. आजी मात्र दर रविवारी त्यालाच हात जोडायची.

मग आला ऑगस्ट 1990. 2 तारखेला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. गोव्यातल्या किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल! आमच्याकडे बाबा रोज रात्री बातम्यांना त्या संचासमोर बसत, आवाज मोठा करून. चवथ त्याच महिन्यात आली. माटोळी बांधली, पण काकांची काहीच खबर नव्हती. एअर इंडियाची विमानं जॉर्डनच्या अम्मानहून माणसं आणत होती. लाखाहून अधिक भारतीय त्या वाटेने परतले. त्यांत काकाही होते. एक पिशवी घेऊन ते दारात उभे राहिले. कुवेतच्या खोलीतला मोठा रंगीत टीव्ही, फ्रीज, सगळं तिथेच राहिलं होतं.

रात्री बातम्यांच्या वेळी काका पहिल्यांदा त्या खोलीत आले. वाळवंटातल्या तंबूंची दृश्यं चालली होती. ते थोडा वेळ बघत राहिले. मग उठून त्यांनी काँट्रास्टचं बटण जरासं फिरवलं आणि म्हणाले, “दादा, चित्र स्वच्छ येतं हो तुमच्याकडे.” बाबा म्हणाले, “डोंगर आडवा येतो. रंग पोचला नसता.” पाच वर्षांपूर्वी पत्रात लिहायचं ते वाक्य तेव्हा बोललं गेलं.

आज वाटतं, बाबांची निवड बरोबरच होती. चुकलं ते एवढंच की तिचं कारण त्यांनी भावाला सांगितलं नाही. टीव्ही कुठला घ्यावा हे दुकानदार सांगतो, अँटेनावाला सांगतो. घरातल्या माणसाला ‘नको’ कसं म्हणावं, हे मात्र आपलं आपल्यालाच शिकावं लागतं. परवा दुकानातून मी काहीही न घेता परतलो. म्हटलं, आधी घरी विचारू.

तुमच्या घरी पहिला टीव्ही कुठला आला होता? आणि तो कुणी ठरवला?