मुंबई किती लांब?

"आजीचं घर किती लांब आहे?" असं मुलांनी विचारलं, की आपण सहज सांगून टाकतो, "विमानाने आठ-नऊ तास." किलोमीटर कुणी सांगत नाही. फ्रँकफर्ट ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. ते आहे तेवढंच आहे. बदलत गेला तो वेळ. आज त्याचीच गोष्ट ऐकू या.

बाड हॉम्बुर्गच्या कुरपार्कमधला सयामी मंडप तुम्ही पाहिला असेलच. 1907 साली सयामचे राजे चुलालाँगकॉर्न इथल्या झऱ्यांच्या पाण्याचे उपचार घ्यायला आले, तेही बोटीनेच. त्यांनी भेट दिलेला हा मंडप 1914 साली खुला झाला, पण राजे 1910 मध्येच वारले होते.

निदान त्यांच्या वाटेवर सुएझ कालवा तरी होता. 1869 पूर्वी आफ्रिकेला वळसा घालून मुंबई ते लंडन सुमारे 19,800 किलोमीटर पडायचं. कालव्याने ते 11,600 च्या आसपास आणलं.

1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला शिकायला आल्या, तेव्हाही बोट आणि पुढे रेल्वे असा दोन-अडीच आठवड्यांचा प्रवास असे. घरून तार लवकर यायची, पण तार वाचून निघालेला माणूस पोचेपर्यंत तेराव्याचं जेवणही उरकलेलं असायचं.

मग पत्रांना पंख फुटले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून हवाई टपाल मुंबईला आणलं. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' 35 प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. 1960 मध्ये बोइंग 707 जेट आलं आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

आज मुंबईला जाताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून साधारण आठ तास. येताना तेच वारे समोरून, म्हणून नऊ किंवा थोडे जास्त. वाटेतल्या एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं, तर वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

पण मंडळी, या आठ तासांनी आपल्यावर एक ओझंही टाकलंय. बोटीच्या काळात परदेशी गेलेल्या मुलाने वेळेवर यावं, अशी अपेक्षाच कुणी करत नसे. आज आईला दवाखान्यात ठेवल्याचा फोन येतो आणि जायचं की थांबायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. रजा, तिकीट, मुलांची शाळा, आणि मुंबईत उतरल्यावर सातारा-सांगलीपर्यंतचा रस्ता. हे काही त्या आठ तासांत धरलेलं नसतं.

म्हणून हे बोलणं फोन येण्याआधीच घरात करून ठेवा. कोण निघेल, कधी निघेल आणि तिकडे जवळ कोण आहे, हे ठरवून ठेवा. घरातलं कुणी पूर्वी बोटीने आलं असेल, तर त्यांची आठवण मुलांना जरूर ऐकवा.