स्थिर सायकलीचा ब्रेक: घर्षणापासून चुंबकापर्यंत

जागेवर उभ्या असलेल्या व्यायामयंत्रांची परंपरा फ्रान्सिस लाउंड्स यांनी 1796 मध्ये पेटंट घेतलेल्या ‘जिम्नॅस्टिकॉन’पर्यंत मागे नेता येते, परंतु पायाला होणारा विरोध मोजून देण्याची निकड शरीरक्रियाविज्ञानाने निर्माण केली, कारण श्रम करताना माणूस किती ऑक्सिजन वापरतो हे ठरवायचे, तर त्याने केलेले कार्यही अचूक मोजणे भाग होते. त्यासाठीच्या सायकलीला एर्गोमीटर, म्हणजे कार्यमापक, असे नाव मिळाले.

चाकावर पट्टा आवळून घर्षणाने विरोध निर्माण करणे सोपे होते, पण पट्टा तापला की घर्षण बदले आणि मोजमाप ढळे. बॉस्टनमधील कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी 1912 च्या सुमारास, तर कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्ये वापरलेल्या एर्गोमीटरांत विद्युतचुंबकाचा ब्रेक होता. चुंबकीय क्षेत्रातून धातूची तबकडी फिरू लागली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि ते त्या फिरण्यालाच विरोध करतात. त्यामुळे काहीही न घासता ब्रेक लागतो आणि चुंबकातील प्रवाह कमीअधिक करून त्याचा जोर बदलता येतो.

तरीही एक अडचण उरली. शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर, ही विरोध आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरत असल्यामुळे, विरोध तोच ठेवून मिनिटाला 60 ऐवजी 90 फेऱ्या मारल्यास ती दीडपट होते. 1954 मध्ये स्वीडनमधून यावर दोन भिन्न उत्तरे पुढे आली. फॉन डोबेल्न यांनी पट्ट्याचा ताण लोलकाच्या तराजूवर दाखवणारी साधी, स्वस्त सायकल मांडली, जिच्यावर बसणाऱ्याने ठरलेला ताल स्वतः सांभाळायचा होता. होल्मग्रेन आणि मॅटसन यांच्या विद्युत एर्गोमीटरात मात्र वेग घटला की विरोध आपोआप वाढे आणि शक्ती कायम राहत असे.

आजच्या घरगुती स्मार्ट ट्रेनरमधील ‘अर्ग मोड’ याच दुसऱ्या तत्त्वावर चालतो, फक्त वेग आणि शक्ती टिपून ब्रेक बदलण्याचे काम आता संवेदक व मायक्रोप्रोसेसर करतात. 200 वॉटसाठी 90 फेऱ्यांच्या वेगाला पायडलच्या आसावर सुमारे 21 न्यूटन-मीटर परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, पुरतो, तर 60 फेऱ्यांना तोच सुमारे 32 लागतो. म्हणूनच दमून मंदावलेल्या स्वाराला पायडल अधिकच जड लागते: प्रयोगशाळेने मोजमापासाठी घडवलेला हा नियम सरावात स्वाराला ठरलेल्या शक्तीखाली सहजासहजी उतरू देत नाही.